ग्राफिटी: कला, विद्रूपीकरण आणि स्प्रेचा डबा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिटी म्हणजे नेमके काय? भिंतीवरचे कोणतेही चित्र म्हणजे ग्राफिटी का?

नाही. ग्राफिटीचा जीव अक्षरांत आहे. एक टोपणनाव घ्यायचे आणि ते शहरभर पुन्हापुन्हा, दर वेळी अधिक देखण्या वळणाने लिहायचे, हा तिचा गाभा होय. एका रंगात, एका दमात केलेल्या सहीला ‘टॅग’ म्हणतात. फुगीर अक्षरांत, एक-दोन रंगांत चटकन उरकलेले नाव म्हणजे ‘थ्रो-अप’, आणि अनेक रंग, छाया व पार्श्वभूमी यांसह तासन्‌तास खपून केलेले काम म्हणजे ‘पीस’. अक्षरे एकमेकांत इतकी गुंतवली की ती सरावलेल्या डोळ्यालाच वाचता यावीत, तर त्या शैलीला ‘वाइल्डस्टाइल’ म्हणतात. म्हणूनच हे काम करणारे स्वतःला चित्रकार न म्हणता ‘रायटर’ म्हणवतात.

वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ साली रंगवलेले दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र हे भित्तिचित्र आहे. ‘डाकू’ या नावाने काम करणाऱ्या अनामिक कलाकाराने स्वतःचे नाव देवनागरीत भिंतींवर लिहिले, ती ग्राफिटी आहे. साधने पुष्कळदा सारखीच असतात, परंतु एकात भिंतीच्या धन्याने बोलावलेले असते आणि दुसऱ्यात बहुधा नसते. या पानावरील बहुतेक प्रश्न याच फरकातून निघालेले आहेत.

ही पद्धत सुरू कुठे झाली?

आज आपण ज्याला ग्राफिटी म्हणतो ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फिलाडेल्फियात आणि त्यापाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये रुजली. फिलाडेल्फियातील ‘कॉर्नब्रेड’ हे नाव आरंभीच्या रायटरांत घेतले जाते. न्यूयॉर्कमध्ये निरोप्याचे काम करणारा एक ग्रीक वंशाचा तरुण जिथे जाईल तिथे ‘टाकी १८३’ असे लिहीत असे. ‘टाकी’ हे त्याचे घरगुती नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि मग शेकडो मुलांनी नाव व क्रमांक लिहायला घेतले. पुढे भुयारी रेल्वेचे डबेच्या डबे रंगू लागले, कारण डबा रंगवला की नाव स्वतःच शहरभर फिरते. रेल्वे प्रशासनाने रंगवलेला डबा धुतल्याशिवाय फेरीवर सोडायचाच नाही असे धोरण धरले आणि मे १९८९ मध्ये शेवटची रंगलेली गाडी सेवेतून काढली. तोवर ही शैली युरोपात पोहोचलेली होती.

मग ही कला आहे की विद्रूपीकरण?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एकाच शब्दाचे उत्तर हवे असते. ते देता येत नाही, कारण या दोन शब्दांनी आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. ‘कला’ हा शब्द कामाच्या गुणाविषयी बोलतो आणि ‘विद्रूपीकरण’ हा शब्द त्या कामाने भिंतीचे व तिच्या धन्याचे काय केले याविषयी. एकच काम दोन्ही असू शकते. अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग यांनी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील हँडबॉलच्या भिंतीवर क्रॅक या अमली पदार्थाविरुद्ध मोठे चित्र विनापरवानगी रंगवले. त्यांना पकडले गेले आणि दंडही झाला. ते चित्र पुसले गेल्यावर त्याच वर्षी त्यांनी त्याच भिंतीवर, या वेळी परवानगीने, ते पुन्हा रंगवले. आज ते मैदान त्या चित्राच्या नावाने ओळखले जाते आणि चित्राची निगा राखली जाते.

काळही निवाडा बदलतो. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत क्रमांक ९० च्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तारखा कोरून ठेवल्या. आज तो इतिहासाचा मोलाचा पुरावा आहे. उलट अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने खांबावरच्या रंगीत आकृतीवर स्वतःचे नाव आणि तारीख ओरखडली. त्या वेळी लेणे दगडमातीने भरलेले असल्यामुळे तो उंचावर उभा होता, म्हणून ती अक्षरे आज आपल्या डोळ्यांच्या वर दिसतात. कान्हेरीच्या लेखांनी कोरा दगड वापरला. स्मिथने सुमारे दीड हजार वर्षे वा त्याहून अधिक काळ टिकून राहिलेले लेणे पाहिले आणि त्यातल्या चित्राची त्वचा सोलली. नाव लिहिण्याची ऊर्मी दोन्हीकडे तीच आहे, तरी या दोन कृती मला एका पंक्तीत बसवता येत नाहीत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी दोन गोष्टी पाहतो: भिंत कोणाची आहे, आणि जे केले ते परत फिरवता येते का. रंग उडालेल्या पुलाच्या कठड्यावरचे नाव इमल्शनच्या, म्हणजे भिंतीच्या साध्या रंगाच्या, दोन हातांनी झाकले जाते. ते बेकायदा असेल, त्याचा दंडही योग्य असेल, पण हानी भरून येते. चुनागच्चीवर, घडीव दगडावर किंवा जुन्या चित्रावर मारलेला रंग काढताना मूळ पृष्ठभागाचा काही अंश त्याच्याबरोबर जातोच. तिथे कौशल्य कितीही असो, मी त्याला कला म्हणणार नाही.

गडकिल्ल्यांवर नावे लिहिणाऱ्यांना आपण ‘ग्राफिटी आर्टिस्ट’ म्हणायचे का?

म्हणू नये. रायटर अक्षरावर वर्षानुवर्षे मेहनत करतो आणि रायटरांच्या अलिखित शिस्तीत प्रार्थनास्थळे, स्मारके आणि लोकांची राहती घरे टाळावीत असे मानले जाते. ही शिस्त सगळेच पाळतात असे नाही, परंतु ती आहे. बदाम काढून दोन नावे लिहिणाऱ्याला अक्षराशी काही देणेघेणे नसते. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड यांच्या तटावर ऑइलपेंट घेऊन चढणाऱ्याने आपण कोणत्या दगडाला हात लावतो आहोत हे ओळखले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागांच्या विरूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा राज्य कायदा आहे आणि त्यात कैद तसेच दंड अशा दोन्ही शिक्षा आहेत. सार्वजनिक मालमत्तेच्या हानीसाठी १९८४ चा केंद्रीय कायदा लागू होऊ शकतो, तर दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान भारतीय न्याय संहितेत ‘आगळीक’ या सदरात येते. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाला विद्रूप केल्यास १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यान्वये, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यांपैकी कोणताही कायदा चित्र चांगले आहे का असे विचारत नाही, हे नव्याने शिकणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावे.

परवानगी कशी मिळवावी?

लेखी मिळवावी. गृहनिर्माण सोसायटीची भिंत असेल तर एकट्या सचिवाच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नये. कार्यकारी समितीचा ठराव असावा आणि भिंत रस्त्याकडे तोंड करून असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयालाही पत्र द्यावे. पत्रासोबत रंगीत आराखडा, कामाचे दिवस, परांची कोण बांधणार आणि चित्र किती काळ ठेवायचे हे सर्व लिहून द्यावे. मुंबईत ऑगस्ट २००९ मध्ये माहीम ते दादर या पट्ट्यात तुळशी पाईप रोडलगतची रेल्वेची लांबलचक भिंत नागरिकांनी रंगवली, ती अशा संमतीनेच. ज्यांनी आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता असे लोकही तिथे चित्र काढून गेले. परवानगी मागितली की कामातला जीव जातो असे काही जण म्हणतात. उजेडात, पाण्याची बाटली शेजारी ठेवून, चार तास एका अक्षरावर काम करून पाहिल्याशिवाय हे मत बनवू नये, असे मी त्यांना सांगतो.

परवानगीने केलेले माझे काम मालकाने पुसले तर मला काही हक्क आहे का?

थोडा आहे, आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ मध्ये कर्त्याचे विशेष हक्क, म्हणजे आपल्या कामाची मोडतोड झाल्यास दाद मागण्यासारखे हक्क, सांगितले आहेत. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये उखडून काढले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सरकारला ते अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्यूयॉर्कमध्ये ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या जुन्या कारखान्याच्या भिंतींवर मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षे ग्राफिटी होत होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत त्यावर पांढरा रंग फिरवला. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना ४५ कामांसाठी ६७.५ लाख डॉलर भरपाई ठरवली आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हा चित्र किती काळ राहणार आणि पुसण्याआधी किती दिवसांची सूचना मिळणार, हे करारातच लिहून घ्यावे. विनापरवानगी केलेल्या कामाबाबत मात्र ते पुसले जाणार हे धरूनच चालावे.

स्प्रेचा डबा निवडताना काय पाहावे?

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा डबा गाडीचा किंवा ग्रीलचा रंग दुरुस्त करण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा रंग पुष्कळदा पातळ असतो, तो चटकन ओघळतो आणि त्याच्यावर वेगळी कॅप, म्हणजे फवारा सोडणारे बटण, बसेलच असे नाही. ग्राफिटीसाठी बनवलेल्या डब्यांत रंगद्रव्य दाट असते आणि कॅप बदलता येते. ‘स्किनी’ कॅप बारीक रेघेसाठी असते, ‘फॅट’ कॅप भरण्यासाठी आणि रुंद फटकाऱ्यांसाठी. जास्त दाबाचा डबा मोठी जागा भराभर झाकतो, तर कमी दाबाचा डबा बारकाव्याला साथ देतो. शिकताना कमी दाबाचाच घ्यावा.

डबा वापरण्याआधी आतली गोळी मोकळी वाजू लागल्यानंतरही निदान एक-दोन मिनिटे हलवावा, कारण रंगद्रव्य तळाशी बसलेले असते. सलग फवारत राहिले की डबा हाताला गार लागतो आणि दाब उतरतो. अशा वेळी तो बाजूला ठेवून दुसरा घ्यावा, उन्हात तापवू नये. काम संपल्यावर डबा उलटा धरून कॅपमधून नुसता वायू येईपर्यंत फवारावे, म्हणजे कॅपचे तोंड बुजत नाही.

माझी रेघ ओघळते किंवा तिच्या कडा धुरकट येतात. सरळ, स्वच्छ रेघ कशी मारावी?

नवशिक्याचा हात जवळून पाहिला की चूक लगेच दिसते. तो डबा भिंतीसमोर धरतो, कॅप दाबतो आणि मग हात हलवतो. तेवढ्या क्षणात सुरुवातीच्या ठिकाणी रंगाचा थेंब फुगतो, काठाशी थोडा थांबतो आणि मग एक बारीक धार होऊन खाली येतो. उपाय असा की हात आधी हलू लागावा, कॅप नंतर दाबावी, आणि शेवटी बोट आधी उचलावे, हात नंतर थांबावा.

दुसरी गोष्ट अंतराची. बारीक, धारदार रेघेसाठी कॅप भिंतीपासून दोन ते चार सेंटिमीटरवर हवी आणि हात वेगाने जायला हवा. भरण्यासाठी पंधरा-वीस सेंटिमीटर पुरतात. अंतर कमी आणि वेगही कमी झाला की ओघळ येणारच. अंतर वाढले की फवारा पसरतो आणि कड धुरकट होते. हालचाल मनगटातून होऊ नये, कारण मनगट कमानीत फिरते आणि रेघेच्या दोन्ही टोकांना डबा भिंतीपासून दूर जातो. खांद्यातून हलावे, आणि रेघ लांब असेल तर पायांनी चालावे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना पहिले दोन दिवस आम्ही नुसत्या आडव्या रेघा मारायला लावतो. त्यांना ते कंटाळवाणे वाटते, पण तिसऱ्या दिवशी त्यांची अक्षरे उभी राहतात.

कड अगदीच बिघडली तर घाबरू नये. पार्श्वभूमीचा रंग घेऊन रेघ बाहेरून कापत आणावी. ज्या टोकदार कडा पाहून आपण थक्क होतो, त्यांतील बऱ्याचशा अशाच मागाहून कापलेल्या असतात.

एका रंगातून दुसऱ्यात अलगद जाणारा ‘फेड’ कसा करतात?

वीस ते तीस सेंटिमीटरवरून, हलक्या आणि सैल फटकाऱ्यांनी. गडद रंग आधी घ्यावा, मग मधला, मग फिका, आणि जोडाच्या जागी पुन्हा मधला रंग धुक्यासारखा सोडावा. डबा भिंतीला काटकोनात न धरता तिरपा धरला की फवाऱ्याची जवळची कड दाट पडते आणि दूरची विरत जाते. एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला विरळपणा हवा असेल तिथे हेच करावे.

देवनागरीत ग्राफिटी करता येते का? इंग्रजी अक्षरेच जास्त शोभतात, असे म्हणतात.

येते, आणि हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. अडचण एवढीच की इंग्रजीची रीत जशीच्या तशी उचलली जाते. इंग्रजी अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात, तर आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात. त्यामुळे इंग्रजीत तळाशी वजन देऊन जो तोल साधतो, तो देवनागरीत वरून साधावा लागतो. अक्षराची उंची एक मीटर धरली तर वेलांट्या, मात्रा आणि रफार यांसाठी वर, आणि उकारांसाठी खाली साधारण तीस-चाळीस सेंटिमीटर जागा आधीच राखून ठेवावी. नाहीतर शेवटी वेलांटी भिंतीच्या कठड्याला धडकते.

शिरोरेषा शेवटी, फॅट कॅपने, चालत चालत एका दमात मारावी. सरळ रेघेसाठी जुन्या पेंटरांची युक्ती अजूनही उत्तम आहे: निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरावी आणि मधोमध उचलून सोडावी. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर उभा असतो. जाड फटकाऱ्यात ती फट बुजली की ‘भात’ लिहिलेले ‘मात’ होते. म्हणून ती फट कागदावर वाटते त्याच्या दुप्पट ठेवावी. बोरूच्या तिरप्या कापातून येणारी जाड-बारीक वळणे गोल फवारा आपोआप देत नाही. ती बाह्यरेषा आखूनच घडवावी लागतात, आणि त्यासाठी वहीत रोज पानभर अक्षरे काढण्याला पर्याय नाही. जोडाक्षरे मात्र जणू वाइल्डस्टाइलचीच वाट पाहत बसलेली आहेत. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट्र’ यांत अक्षरे आधीच एकमेकांत गुंतलेली असतात.

भिंत कशी तयार करावी? पावसाळ्यात काम करता येईल का?

पावसाळ्यात बाहेर करू नये. ओली भिंत रंग धरत नाही, आणि आतली ओल खार घेऊन बाहेर येते तेव्हा पापुद्रे सुटतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. भिंतीवर चुना असेल तर हात फिरवून पाहावा. तळव्याला पांढरी पूड लागली तर तो खरवडून काढावाच लागतो. शेवाळ घासून, भिंत धुऊन, पूर्ण वाळवून सिमेंट प्रायमरचा हात द्यावा आणि त्यावर रोलरने बाहेरच्या भिंतीचे इमल्शन लावावे. कोऱ्या सिमेंटवर थेट फवारले तर निम्मा रंग भिंतच पिते.

साधा मास्क पुरेसा आहे का?

नाही. कापडी मास्क निरुपयोगी आहे आणि एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, पण विद्रावकांची, म्हणजे थिनरसारख्या द्रवांची, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे काडतूस (वाफ शोषणारी डबी) आणि त्यावर कणांची गाळणी असलेला रबरी मास्क घ्यावा. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. काडतूस उघडे ठेवले तर हवेतली वाफ शोषून वाया जाते, म्हणून ते बंद पिशवीत ठेवावे. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. बंद खोलीत फवारू नये. डबा ५० अंश सेल्सियसच्या वर तापू देऊ नये, म्हणजेच उन्हाळ्यात उभ्या गाडीत तो कधीही ठेवू नये, आणि रिकामा डबाही भोकसू नये.

नको असलेली ग्राफिटी कशी काढावी?

रंगवलेल्या भिंतीवर असेल तर डाग झाकणारा प्रायमर लावून वरून त्याच छटेचे इमल्शन मारणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. प्रायमर न लावता रंगवले तर लाल आणि काळा रंग हमखास वर उमटतो. लोखंड आणि टाइल यांच्यावर विद्रावक चालतो, पण तो आधी कोपऱ्यात लावून पाहावा.

दगडावर असेल, आणि तो दगड किल्ल्याचा, लेण्याचा किंवा मंदिराचा असेल, तर काहीही करू नये. छायाचित्र काढावे, जागा नीट लिहून ठेवावी आणि स्मारक ज्यांच्या ताब्यात असेल त्या केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. एका किल्ल्याच्या देवडीत ऑइलपेंटने लिहिलेले एक नाव काढण्यासाठी काही मंडळी अत्यंत चांगल्या मनाने वायर ब्रश आणि थिनर घेऊन गेली होती. मी त्यांच्यासोबत होतो आणि मलाही तेव्हा याहून अधिक कळत नव्हते. थिनरने पातळ झालेला रंग दगडाच्या छिद्रांत आणखी आत गेला, आणि ब्रशने पाथरवटाच्या टाकीच्या बारीक, तिरप्या खुणा घासून टाकल्या. नाव आता वाचता येत नाही. त्या जागी एक गुळगुळीत, लालसर डाग आहे आणि संध्याकाळचे ऊन तिरपे पडले की आजूबाजूच्या टाकीच्या खुणांमध्ये तो लांबूनही दिसतो.